पिकअपचं पुढचं डावं चाक धरून राहते. कॅलिपर (चाकातल्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बदलू, की आधी दुसरं काही पाहू?

राळेगावकर

नमस्कार मंडळी. गाडी माझी जुनी पिकअप, २०११ चं मॉडेल. पुढे डिस्क, मागे ड्रम, बूस्टरवाला (पायाचा जोर वाढवणारा) ब्रेक. पावसाळाभर टिनाच्या शेडमध्ये उभी होती, कारण आमच्या शेताची पांदण जुलैत एकदा गाऱ्याची झाली की दसऱ्यापर्यंत बैलबंडीही निघत नाही. पोळ्याला बैलांसोबत हिलाही धुतलं, तेवढीच काय ती सेवा. आता वेचणी सुरू झाली, कापूस घेऊन हिंगणघाटला चकरा सुरू झाल्या आणि हे दुखणं निघालं.

सकाळी गाडी हलकी चालते. वडकीहून हायवेला लागलो की वर्धा नदीचा पूल येईपर्यंत काही जाणवत नाही. वडनेरच्या अलीकडे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागते, तेही ब्रेकवर पाय नसताना. न्यूट्रल केली तर गाडी घरंगळत नाही, जागीच बसते. उतरून पाहिलं तर डाव्या चाकातून करपलेला वास आणि रिमजवळ हात नेववत नाही. उजवं चाक नुसतं कोमट. पेडल वरच्या वर कडक लागते. धाब्यावर चहापाणी होईस्तोवर उभी ठेवली की पुन्हा सुटते, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

पुढचे पॅड मागच्या वर्षी बदललेले आहेत. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं चाक न खोलताच निदान सांगितलं, "दोन्ही कॅलिपर गेले, जोडी टाकून घ्या." जोडीचा भाव ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. कापसाचा पहिला चुकारा यायचा आहे आणि तो कशाकशाला पुरवायचा ते तुम्हाला सांगायला नको. जॅक, पाने घरी आहेत, हातानं काम करायची तयारी आहे. खरंच कॅलिपरच जातो का, की आणखी काही असू शकते?

पांदण एक्सप्रेस

काही बदलू नका भाऊ. चाक काढा, कॅलिपरच्या पिस्टनच्या कडेनं डिझेल सोडा, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांना जळकं ऑइल लावा आणि पेडल दहा-बारा वेळा दाबा. आमच्या ट्रॅक्टरचा ब्रेक असाच मोकळा होते दरवर्षी.

स्टँडवरचा मिस्त्री

डिझेल बिलकुल नको बापा! बहुतेक ट्रॅक्टरचा ब्रेक सळई-लिव्हरनं वढला जाते, तथी डिझेल मारलं त जिरून जाते. पिकअपच्या कॅलिपरात जे रबर हाये, त्याले फक्त ब्रेक ऑइल चालते. डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, पिवळं ग्रीस, काहीबी लागलं का थे रबर फुगते. दोन दिवस मोकळं वाटन, मंग असं धरन का हातोड्यानं सुटनार नाई. अन् ब्रेक ऑइलच्या बाटलीत चुकून जळकं ऑइल पडलं त मास्टर सिलेंडरपासून (पेडलनं तेल दाबनारा पंप) मागच्या व्हील सिलेंडरपर्यंत सारेच रबर बदलावं लागते.

आता राळेगावकर भाऊ, तुझ्या गाडीचं. ब्रेक सुटत नाई याचे दोनच अर्थ हायेत. एक त तेलाचा दाब आत अडकून राह्यला, नाई त दाब गेला पन लोखंड अडकलं. दुकानात पैसे मोजायच्या आधी या दोनातलं कोनतं थे ठरव. चाक न खोलता कॅलिपर सांगनाऱ्याले मी मिस्त्री म्हनत नाई.

पहिली गोष्ट, हे गाडी धरलेली असतानाच तपासायचं. रातभर उभी ठेवून सकाळी चाक उचललंस त काईच सापडनार नाई, तवा थे फिरतेच. गाडी रिकामी काढ. भरलेली नको, काहून थे खाली सांगतो. चाक धरेपर्यंत चालव अन् हायवे सोडून सपाट जागी घे. हँडब्रेक वढ, थो मागच्याच चाकाले हाये. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूनं दगड लाव. पुढून जॅक लावून चेसिसखाली लाकडी ठोकळा दे, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाई. मंग डावं चाक हातानं फिरवून पाह्य.

फिरत नाई ना? आता चेसिसजवळ जा. लोखंडी बारीक पाईप संपून रबरी होज जथी सुरू होते, थो जोड फडकं धरून जरासाक ढिला कर. तेलाचा थेंब आला अन् चाक सुटलं, त दुखनं वरतं हाये, मास्टर सिलेंडर नाई त बूस्टरकडं. चाक सुटलं नाई, त जोड परत कस अन् कॅलिपरच्या निप्पलवर, म्हंजे तेल-हवा काढायच्या बोल्टवर ये. रिंग पाना लावजो, फिक्स पान्यानं निप्पलच्या कडा गोल होतात. निप्पलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक एका रिकाम्या बाटलीत. तेल गरम असते, पिचकारी उडाली त डोया जाईन, म्हून चष्मा घाल अन् तोंड बाजूले ठेव. अर्धा आटा खोल. तेल जोरानं आलं अन् चाक मोकळं झालं, त कॅलिपर चांगला हाये, होज आतून बंद झाला. निप्पल उघडूनबी चाक तसंच जाम असन, तवाच पिस्टन नाई त पिन अडकल्या म्हनायचं.

तू सांगतोस त्यावरून माही बोली होजवर हाये. धाब्यावर उभी केली का आपोआप सुटते म्हनतोस, म्हंजे दाब हळूहळू झिरपून माघारी जाऊन राह्यला. गंजलेला पिस्टन चहा पेयेपर्यंत सुधरत नाई.

राळेगावकर

मिस्त्री काका, होज वरून एकदम ठीक दिसते. चिरा नाहीत, गळती नाही. आणि होज बंद असेल तर ब्रेक लागतो कसा? तो तर उलट जास्तच लागतो आहे.

स्टँडवरचा मिस्त्री

हाच त घोळ हाये. होजमदी थर असतात, वरतून रबर, मदात दोऱ्याचं विनकाम, आतून बारीक नळी. खराब होते थे आतली नळी. फुगते, नाई त सोलटून तिचा पदर वाटेत लोंबते. वरतून पाहून थे कोनालेबी दिसत नाई.

पेडलवर पाय दिला का मानसाचा जोर, त्यावर बूस्टरचा जोर, तेल सुईच्या भोकातूनबी पुढं घुसते. माघारी येताना त्याले ढकलनारं कोन हाये? डिस्क ब्रेकमदी मागच्या ड्रमसारखी स्प्रिंग नसते. पिस्टनच्या भवती जे चौकोनी काटाचं रबरी कडं असते, थे पिस्टनसंग जरा वाकडं होते अन् पाय काढला का सरळ होते. तेवढ्यानंच पिस्टन केसभर मांगं सरकते. तेवढ्या जोरानं बंद नळीतून तेल परत जात नाई. म्हून जाताना वाट अन् येताना दार बंद.

मागच्या वर्षी पॅड बदलले म्हनतोस. तवा कॅलिपर काढून तारेनं बांधला होता, का होजवरच लोंबकळत सोडला होता? बरेच जन तसाच सोडतात, अन् त्या वजनानं आतली नळी मोडते. दुसरं एक ठिकान पाह्यजो, होज जथी पत्र्याच्या क्लॅम्पमदून जाते तथी गारा भरून राहते. आतून गंज फुगला का क्लॅम्पच होजचा गळा दाबते.

अन् भरलेली गाडी तपासाले नेऊ नको म्हनलं थे याच्यासाठी का मांगं कापूस असते. धरलेली डिस्क लाल होयेपर्यंत तापू शकते. त्यात आतलं तेल उकळलं का वाफ होते अन् वाफ दाबली जाते, पेडल सरळ खाली. म्हंजे आधी ब्रेक सुटत नाई अन् ऐन वेळेवर लागत नाई. डॉट ३ जातीचं कोरं ब्रेक ऑइल कमीत कमी २०५ अंशापर्यंत उकळत नाई, पन ब्रेक ऑइल हवेतलं पानी पेते, अन् पानी धरलेलं तेच तेल १४० च्या आसपास उकळाले लागू शकते. तुह्या गाडीतलं तेल कधी बदललं होतं?

वरुडचा बागायतदार

मिस्त्री म्हणतात ते बरोबरच, पण पिना सोडून देऊ नका. आमची गाडी आंबिया बहाराची तोडणी संपली की उभी राहते ती सरळ मृगाच्या संत्र्यालाच निघते, आणि दर वेळी एक तरी पिन बसलेली सापडते. पिनेचं रबरी बूट फाटलं की धुऱ्यावरचं पाणी आणि काळी माती आत जाते, मग गंज.

पॅड काढल्याबरोबर फेकू नका, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आतला आणि बाहेरचा सारखे झिजले असतील तर कॅलिपर पिनांवर नीट सरकतो आहे. एकच जास्त झिजला असेल, किंवा पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर पिन पकडते आहे. आणि दोन्ही पिना दिसायला सारख्या असल्या तरी काही कॅलिपरांत एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असते. वरची खाली, खालची वर करू नका. काढतानाच खूण करून ठेवा.

ग्रीस ब्रेकच्या पिनांचं सिलिकॉनवालं घ्या. बेअरिंगचं ग्रीस तिथे नको, कारण मिस्त्रींनी वर सांगितलेलंच.

पुसदचा ड्रायव्हर

धागा माझ्या कामाचा आहे म्हणून मधेच विचारतो. माझ्या गाडीची पुढची दोन्ही चाकं तापतात, सारखीच. बूस्टर नवा टाकल्यापासून सुरू झालं. मग माझे दोन्ही होज गेले का?

स्टँडवरचा मिस्त्री

दोन्ही होज एकाच दिवशी जायचे नाई. तुहं काम सोपं वाटते. बूस्टर अन् मास्टर सिलेंडरच्या मदात जो दांडा असते, थो नव्या बूस्टरचा जास्त बाहेर आलेला असन. पाय काढला तरी मास्टरचा पिस्टन पूर्ण मांगं जात नाई, तेलाची परतीची बारीक वाट झाकलेलीच राहते, अन् गरम होऊन तेल फुगलं का ब्रेक आपोआप लागते.

चाकं धरलेली असताना मास्टर सिलेंडरचे बूस्टरवरचे दोन नट तीन-चार आटे ढिले कर, सिलेंडर जरासा पुढं सरकन. चाकं लगेच सुटली त दांडा लांब हाये, मोजून आत घे. सुटली नाई त मास्टरच्या आतलं किट (रबरांचा संच) पाह्यजो. अन् पेडलच्या वरतं ब्रेकलाईटचा स्विच असते, थो पेडल दाबून त नाई राह्यला हेबी एकदा पाह्य. फुकटचं काम हाये.

राळेगावकर

सांगितलं तसं केलं. गाडी रिकामी घेऊन निघालो, पुलाच्या पुढे धरली. सोबत पुतण्या होता, त्यानं टॉर्च धरली. चाक दोघांनी मिळून ओढलं तरी हललं नाही.

चेसिसजवळचा जोड ढिला केला, तेलाचा थेंब आला आणि चाक तसंच. जोड कसला. निप्पल अर्धा आटा खोलला, तर तेल नळीतून सुईसारखं बाटलीत आपटलं आणि त्याच क्षणी चाक पुतण्याच्या हातात फिरलं! म्हणजे होजच. तेल काळं कुट्ट, तळाला गाळ. शेवटचं कधी बदललं ते गाडीच्या आधीच्या मालकालाच माहीत.

घरी आणून कॅलिपर उतरवला. पॅड दोन्ही सारखेच झिजलेले, पण वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत. वरची पिन बोटानं सरकते, खालची कोरडी आहे, पिरगाळली तर निघते. पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर एका बाजूनं फाटलं आहे. डिस्कवर निळसर झाक आली आहे. आता किती काम काढू? होज टाकून बंद करू का?

स्टँडवरचा मिस्त्री

धुळीचं रबर फाटलं म्हंजे किट टाकाच लागते, कॅलिपर हातात हाये तवाच करून घे. किट कॅलिपरच्या मानानं स्वस्त असते.

जुना होज काढायच्या आधी पिस्टन बाहेर काढ. पॅडच्या जागी लाकडाची फळी ठेव, पुतन्याले हळूहळू पेडल दाबाले सांग, पिस्टन तेलाच्या जोरानं फळीपर्यंत येईन. मास्टरवरच्या बाटलीत तेल घालत राह्यजो. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन काढू नको. थो गोळीसारखा सुटते, समोर बोट असलं त चेचून काढते. माह्या शेजारच्या दुकानात एकाचं नख गेलं हाये तसंच.

पिस्टन पुसून त्याच्यावर नख फिरव. नुसता डाग असन त बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमदी भिजवून हलक्या हातानं घास. नख खड्ड्यात अडकलं त पिस्टन नवा घे, घासून खड्डा जात नाई. जथी रबरी कडं बसते थे खाच लई जरुरीची. तथी गंजाचा थर बसला का कडं घट्ट होते अन् नवा होज टाकूनबी चाक धरते. खाच लाकडी काडीनं कोर, स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडा पडन. नवं कडं ब्रेक ऑइलमदी बुडवून बसव, पिस्टन हातानं सरळ दाबला त आत जाते. हातोडी लागली म्हंजे तिरपा गेला.

होजच्या बोल्टले तांब्याचे वायसर असतात, दोन्ही नवे टाक. होज पिळलेला राहू नाई. बसवल्यावर स्टिअरिंग डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवून पाह्य, टायरले घासते का, ताणते का. गुळगुळीत झालेले पॅड परत टाकू नको, नवे दोन्ही चाकाले घे. डिस्कवर कमीत कमी जाडी छापलेली असते, मोजून पाह्य. निळी झाली म्हून लगेच फेकाची नाई, पन चीर दिसली त फेकाची. अन् हबची टोपी काढून ग्रीस पाह्य. एवढं चाक तापलं त बेअरिंगचं ग्रीस वितळून वाह्यलं असन. हे लोकं विसरतात, अन् मंग बेअरिंग आवाज देते तवा माह्याकडं येतात.

काम करताना तेलात शिरलेली हवा निप्पलमदून काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपली उजव्या स्टिअरिंगची गाडी, म्हंजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, अन् आखरीले पुढचं उजवं. काळं तेल सारंच बाहेर काढ, नळीतून साफ तेल येयेपर्यंत. मदात मास्टरवरची बाटली रिकामी होऊ देऊ नको, नाई त सारं पयल्यापासून. झाकनावर डॉट ३ लिहिलं असन त ३ नाई त ४ चालते, पन डॉट ५ त्याच्यात मिसळू नको. सांडलं तथी लगेच पानी मार, रंग खाते थे.

पांदण एक्सप्रेस

डिझेलचं मी परत घेतो बुवा. पण सगळं झाल्यावर चाक तापते की नाही ते मोजायचं कसं? कोरोनातली ताप पाहायची बंदूक घरी पडून आहे.

स्टँडवरचा मिस्त्री

थे मानसाचं कपाळ मोजाची हाये, डिस्क नाई. गाडी मोकळ्या रोडवर चालवून शेवटी ब्रेक न मारता आपोआप थांबू दे, अन् दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाह्य. लावू नको, जवळ ने. फरक असन त समजते.

राळेगावकर

काम झालं. डावा होज, डाव्या कॅलिपरचं किट, दोन्हीकडचे पॅड, सारं तेल. पिस्टनवर एक डाग होता, नख अडकलं नाही म्हणून तोच ठेवला. खाचेतून मात्र लाल गंजाचा भुगा निघाला, काका म्हणाले नसते तर मी तिथे पाहिलंही नसतं. बेअरिंगचं ग्रीस खरोखर टोपीत वाहून आलं होतं, धुऊन नवं भरलं.

जुना होज चुन्याच्या निवळीत बुडवून फुंकून पाहिला, बुडबुडा नाही. गाल दुखले. मग कटरनं उभा चिरला. कॅलिपरकडच्या टोकापासून दोन-तीन बोटं वर आतली नळी सुजून तोंडात तोंड मिळालं होतं, मधे सुई जाईल एवढीही जागा नाही. तिथेच एक पदर सुटून लोंबत होता. फोटो टाकला आहे.

काल रिकामी आणि आज कापूस भरून हिंगणघाट करून आलो. चाक धरलं नाही, वास नाही, न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळते. एकच गोष्ट राहिली. आता जोरात ब्रेक मारला की गाडी जराशी डावीकडे जाते. ब्रेक नसताना सरळ चालते.

स्टँडवरचा मिस्त्री

उजवीकडचा होज टाकला नाईस ना?

राळेगावकर

दुकानात एकच होता. दुसरा मागवला आहे, बुधवारी येतो म्हणाला.

स्टँडवरचा मिस्त्री

मंग तेच. डावा आता कोरा झाला, त्याच्यातून तेल लवकर जाते. उजवा त्याच वयाचा हाये, त्याच्यातून दमानं जाते, म्हून डावं चाक आधी पकडते. उजव्याच्या पिनाबी त्याच दिवशी काढून पाह्यजो, तू त्या खोलल्याच नाईस असं दिसते. बुधवारपर्यंत कापूस दुसऱ्याच्या गाडीत घाल. भाड्याचे पैसे जातील, पन भरलेल्या गाडीनं हायवेवर जोरात ब्रेक मारायची वेळ आली अन् गाडी एकाच बाजूले वढली, त स्टिअरिंग कामाचं राहत नाई.

राळेगावकर

चालते काका. चुलतभावाच्या गाडीशी बोललो, दोन दिवस तो नेईल.